अकरा पानांची तक्रार

१० जानेवारी, शुक्रवार. रात्री ९.
घरदुरुस्तीचं कर्ज मंजूर. सहा लाख. बँकेने आज शाखेत कर्जदारांचा मेळावा ठेवला होता. माझा सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ आणि एक सन्मानपत्र. सोनेरी बॉर्डर, वर ठळक अक्षरांत ‘सर्टिफिकेट’, खाली माझं पूर्ण नाव इंग्रजीत. शाखाधिकारी माझ्या शेजारी उभे राहिले, फोटो झाला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. पंचवीस मिनिटं बोललो. लोक हलले नाहीत. (जेवण नंतर होतं.)
बावीस ठिकाणी सह्या केल्या. डोक्यावर त्यांनीच घातलेली टोपी असताना त्यांच्यासमोर कागद वाचत बसणं शोभत नाही. संस्कार म्हणून काही असतं.

१३ जानेवारी.
सन्मानपत्र फ्रेम करून आणलं. अडीचशे रुपये. हॉलमध्ये माझ्या खुर्चीच्या वर लावलं, दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडेल असं. रुपाने (पत्नी) विचारलं, “त्यामा काय लिखेल शे?” म्हटलं, गौरव. सगळ्या सन्मानपत्रांत मजकूर तोच असतो. ती म्हणाली, “मंग वाची दाखाडा ना.” वेळ नव्हता.
भाईदास मिस्तरीने फरशी संपवली. आता फक्त किचनचा ओटा राहिला. ग्रॅनाइटचा, उंच, रुपाला उभं राहून स्वयंपाक करता येईल असा. डॉक्टरांनी तिला खाली बसायला मनाई केलीय, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं ती खालीच बसतेय.

१६ जानेवारी.
पासबुक भरून आणलं. जमा पाच लाख चौपन्न हजार! शेचाळीस हजार कर्जाच्या विम्यापोटी कापले. कोणता विमा? कोणी मागितला? मला विचारलं?
भाईदासला सांगितलं, ओट्याचं काम चालू ठेव, पैसे मागाहून. तो म्हणाला, “सर, पैसा उनात का मी उनू समजा.” आणि थापी घेऊन गेला. किचनमध्ये ओट्याचे विटांचे दोन पाय उभे आहेत. वर काही नाही.
संकल्प: बँकेला धडा शिकवणार. सव्वीस वर्षं नववी-दहावीला तक्रार पत्र शिकवतोय. आता बँकेला कळेल तक्रार पत्र कशाला म्हणतात.

१७ जानेवारी.
बँकेत गेलो. शाखाधिकारी त्या दिवशी केवढे हसरे होते! आज कॉम्प्युटरमधून मान वर नाही. म्हणे, सर, सही तुमची आहे. म्हणे, पॉलिसी त्याच दिवशी तुमच्या हातात दिली. खोटं! त्या दिवशी हातात काय काय दिलं ते मला तोंडपाठ आहे. टॉवेल, टोपी, नारळ, सन्मानपत्र. टॉवेलचा तर पहिल्याच धुण्यात रंग गेला, मला तेव्हाच शंका यायला हवी होती.
आवाज चढवून सांगितलं, माझ्या घरात तुमच्या पॉलिसीचा एक कागद दाखवा, मिशी काढीन. काउंटरला रांग होती. त्यात दोन पालक होते. बरं झालं, साक्षीदार हवेच.

१८ जानेवारी.
एसटी स्टँडसमोर जाहिदचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी. पासबुकाची झेरॉक्स काढायला गेलो तर सल्ला द्यायला लागला. म्हणे, सर, पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, पैसे मिळतात. दोन ओळी लिहायच्या, पॉलिसी नको, पैसे परत द्या. म्हणे, आत्ता मेल करून देतो, पंधरा रुपये.
दोन ओळी! दहावीत याला तक्रार पत्रात दहापैकी दोनच गुण दिले होते. ‘नळाला पाणी येत नाही, सोडा’ एवढंच लिहिलं होतं. मायना नाही, समारोप नाही. माणूस बदलत नाही.

२० जानेवारी.
मसुदा क्र. १. चार पानं. सुरुवात संस्कृत सुभाषिताने. मग बँकिंगचा इतिहास, थोडक्यात. मग शिक्षकाचं समाजातलं स्थान.

२६ जानेवारी.
झेंडावंदनानंतर स्टाफरूममध्ये मसुदा वाचून दाखवला. सगळे निःशब्द. दोघं गाडी पकडायची म्हणून मध्येच उठले, पण जड पावलांनी. इंग्रजीचे योगेंद्र सर म्हणाले, बँकेचे कागद घेऊन या, मी वाचून देतो. नम्र नकार दिला. स्वतः गाइड उघडून शिकवणाऱ्या माणसाने माझे कागद वाचायचे? शिवाय कागद आहेत कुठे? तोच तर माझा मुख्य मुद्दा.

३ फेब्रुवारी.
मसुदा क्र. ५. अकरा पानं. मुख्य मुद्दा (पॉलिसी मला आजतागायत मिळालेली नाही) नवव्या पानावर येतो. वाचणाऱ्याला गाफील ठेवून घाव घालायचा, ही खुबी आहे.
रुपा भाकरी करून उठताना ओट्याच्या विटांना धरून उठली. वरची वीट सुटून हातात आली. मी म्हटलं, जपून, भाईदासला पुन्हा लावावी लागेल.

५ फेब्रुवारी.
रुपाचा गुडघा सुजला. काठी आणली, दोनशे दहा रुपये. संध्याकाळी तिला पत्राचं सहावं पान वाचून दाखवलं, बरं वाटावं म्हणून. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “चिठ्ठी दोन ओळनी ऱ्हायनी तरी मन्हा गुडघासले चाली.”
तिला समजावलं, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, “तत्त्ववर तवा ठेवता येस का?” उत्तर होतं माझ्याकडे. दिलं नाही. आजारी माणसाशी वाद घालू नये.

८ फेब्रुवारी, शनिवार.
जाहिदचा फोन. सर, मेळावा दहा तारखेला होता ना, उद्या तीस दिवस भरतात, आज तरी पाठवा. पोरगा तळमळीने बोलत होता, पण कायद्याचा अभ्यास नाही. त्याला शांतपणे समजावलं. मुदत कधीपासून? पॉलिसी हातात आल्यापासून. मला ती मिळाली का? नाही. म्हणजे मुदत सुरूच झाली नाही! तो म्हणाला, सर, घरात एकदा शोधा ना. मी म्हटलं, जाहिद, मिशी पणाला लावलीय.
फोन ठेवून खुर्चीत रेललो. वर सन्मानपत्र. तेव्हा तरी बँकेने मला ओळखलं होतं.

१२ फेब्रुवारी. पौर्णिमा.
पत्र रजिस्टर एडीने रवाना. वजन जास्त भरलं म्हणून पोस्टात दोनदा तोललं. एक प्रत बँकेला, एक विमा कंपनीला. समारोपाचं वाक्य: ‘माझ्या घराची झडती घ्यावी, असे मी आपणांस जाहीर आव्हान देतो.’ या वाक्यावर मी स्वतः दोन मिनिटं थांबलो होतो.

२० फेब्रुवारी.
उत्तर नाही. हादरले असावेत.

२५ फेब्रुवारी.
फोन आला! विमा कंपनीची अधिकारी शनिवारी घरी येणार, पडताळणीला. अकरा पानांची ताकद. रुपाला सांगितलं, ओटा झालाच समज. तिने भाईदासला निरोप पाठवला. त्याचा उलट निरोप, “पैसा देखाय का?”
संकल्प: शनिवारी शांत राहणार. विजयात नम्रता हवी.

१ मार्च, शनिवार. सकाळी ८.
हॉल झाडला. फ्रेमची काच पुसली. अधिकाऱ्याने पाहिलं पाहिजे की आपण कोणासमोर बसलोय.

त्याच दिवशी. दुपारी २.
अधिकारी म्हणजे ममता वळवी. तिशीची, मोलगीकडची. नम्र. पत्र तिने खरोखर सगळं वाचलं होतं, शंका घ्यायला जागा नव्हती. तिला समोर बसवलं, मी माझ्या खुर्चीत बसलो. चहा दिला. नवव्या पानावरचा मुद्दा तोंडी पुन्हा मांडला, हातवारे करून. म्हटलं, या घरात एक कागद दाखवा मॅडम, एक.
ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्याच्या वर बघत होती. मग चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, सर, ती फ्रेम जरा काढून बघू का?

त्याच दिवशी. रात्री.
लिहून टाकतो.
‘सर्टिफिकेट’च्या पुढचे दोन शब्द लहान होते. ‘ऑफ इन्शुरन्स’. सोनेरी बॉर्डरमध्येच. खाली पॉलिसी नंबर, हप्ता, तारीख. सातव्या ओळीत तीस दिवसांची गोष्ट. ममताबाईंनी ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं. रुपा काठी टेकत दारापर्यंत आली होती. तिने ऐकलं.
मी म्हटलं, इंग्रजी फार बारीक छापलंय. ममताबाई म्हणाल्या, हो सर. नऊ फेब्रुवारीपर्यंत साधं पत्र आलं असतं तर पूर्ण पैसे मिळाले असते. आता तुमचं पत्र म्हणतं पॉलिसी मिळाली नाही, आणि पॉलिसी भिंतीवर आहे. मला तसा रिपोर्ट द्यावा लागेल.
जाताना दारात थांबल्या. म्हणाल्या, एक रस्ता आहे. ‘विमा ऐच्छिक आहे हे मला सांगितलं नाही आणि मी न वाचता सह्या केल्या’, जे खरं आहे तेवढं लिहा. असे बरेच लोक आहेत. विचार होऊ शकतो, खात्री देत नाही.
न वाचता सह्या केल्या! मी! मराठी विषय शिक्षक! हे वाक्य माझ्या हातून कागदावर उतरणार नाही. शेचाळीस हजार गेले तरी चालतील.
रुपाने चहाचा कप उचलला आणि काठी टेकत आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२ मार्च, रविवार.
फ्रेम हॉलमधून गायब. रुपाने किचनमध्ये नेली, गॅसच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली. म्हणे, नव्या रंगावर फोडणीचे डाग उडतात. दुपारी वरण झालं, सोनेरी बॉर्डरवर मोहरी होती. हॉलमधल्या खिळ्यावर तिने काठी अडकवली.

३ मार्च.
मिशी काढली. उन्हाळ्यात बरं असतं.
नववी ब मध्ये कोणी हसलं नाही. म्हणजे बातमी आधीच पोचली होती.
पत्रलेखनाचे पेपर तपासले. एकाने लिहिलंय, ‘रस्त्यात खड्डा आहे, माझी आई पडली, बुजवा.’ मायना नाही. समारोप नाही. लाल पेन उघडून बराच वेळ बसलो. आत रुपा उठताना ‘आई गं’ म्हणाली, हळू, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

४ मार्च. संध्याकाळी ६.
जाहिदच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाहेर थांबलो. त्याने माझ्या ओठाकडे पाहिलं आणि स्टूल पुसून दिलं.
पहिली ओळ त्याने टाइप केली. विमा ऐच्छिक आहे हे मला सांगितले नाही. दुसरी मी म्हटलं, मी करतो. एका बोटाने. वेळ लागला. मी न वाचता सह्या केल्या. खाली नाव, खाते नंबर, तारीख. सुभाषित नाही.
त्याने पंधरा रुपये घेतले नाहीत. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि थांबला. म्हणाला, सर, पाठवायच्या आधी एकदा वाचून घ्या.
दोनदा वाचलं.