आठवी मात्रा

४ जानेवारी, सकाळी साडेनऊ
मी सांगतेय, नात मृण्मयी लिहितेय. मला लिहिता-वाचता येत नाही. अक्षर तिचं, त्यामुळे वही कुठेही पडली तरी मला भीती नाही. आल्हादचा, म्हणजे नातवाचा, बँड आहे. गाणं पूर्ण ठरलेलं नसतं, स्टेजवर सुचेल तसं वाढवत नेतात. पण ऐकणारे कडक. मागच्या कार्यक्रमात एक ठोका घसरला, तर तीन दिवस मोबाइलवर त्यांच्या ग्रुपवर तेच, मिनिट-सेकंदासकट. बरोबरच आहे. चूक ती चूक. इथल्या राम घाटावर मी चाळीस वर्षं भजनात टाळ वाजवले, एकदाही चुकले नाही. शेजारची शैला यावर हसते. तिला सवयच आहे हसायची.

९ जानेवारी
प्रॅक्टिस ऐकली. नव्या गाण्यात पोरं दर फेरीला एक मात्रा खातात. मी आठ मोजायच्या आत यांची पहिली येते. आल्हाद म्हणाला, "आजी, हे गाणं सातचंच..." म्हटलं, सबबी नकोत. २५ला इथल्याच फ्रीगंजच्या हॉलमध्ये इंदूरचे लोक ऐकायला येणार. आवडलं तर तिथल्या मोठ्या फेस्टिव्हलला बोलावणार. त्यासाठी पोराने बँकेची मुलाखत सोडली. घरात त्याच्या बापाने अबोला धरलाय.
संकल्प: यापुढे एक शब्द बोलणार नाही.

९ जानेवारी, दुपारी
बोलले.

१७ जानेवारी
चार दिवस गप्प आहे. मृण्मयी म्हणते, दोन. ड्रमवाला म्हणाला, "दादी, गिनती छोड़ो, मज़ा लो." न मोजता मजा कशी येते कोण जाणे.

२५ जानेवारी, दुपारी चार
पहिल्या रांगेत खुर्ची. आल्हाद पाया पडून म्हणाला, काही चुकलं वाटलं तरी चेहरा करू नकोस. नाही करणार. पर्समध्ये टाळ घेतलेत, आपले धीरासाठी.

२६ जानेवारी, सकाळी
खाल्लीच मात्रा. हॉल भरलेला, इंदूरवाले समोर, आणि दर फेरीला तेच. कोणी भरायला नको? मी भरली. अगदी हळू. लोक वळून वळून बघत होते, आवडलं असावं. आल्हाद घरी आला तो जेवलाच नाही. दमला असेल.

२७ जानेवारी
ग्रुपवर रेकॉर्डिंग आलं. खाली लोकांनी लिहिलेलं मृण्मयीने वाचून दाखवलं. बँडची चूक एकही नाही. चुका एकूण अठ्ठावीस, सगळ्या टाळांच्या, मिनिट-सेकंदासकट. आल्हादने माझी बोटं धरून मोजायला लावलं. गाणं सातचंच आहे. म्हटलं, हे आधी नाही का सांगायचं? मृण्मयीने पानं मागे उलटून नऊ तारीख वाचून दाखवली.
लिहिणारीने वाचायचं नाही, हे आधी ठरवायला हवं होतं.

३० जानेवारी
इंदूरचं बोलावणं आलं. आल्हादचा बाप त्याच्याशी बोलला. माझंही तिकीट काढलंय, बाल्कनीत, शेवटची रांग. दाराशी पर्स मृण्मयी तपासणार. टाळ माळ्यावर टाकले. सकाळपासून बोटांवर सात मोजतेय.
आठच होतात.