बेसलाइनमधलं घर

१२ जानेवारी २००८
कार्बन क्रेडिट! हे दोन शब्द बायकांना समजावताना माझ्याच तोंडाला फेस आला. विहारात बैठक होती. मी म्हटलं, नव्या चुलीत लाकूड कमी जळतं, धूर कमी होतो. असा एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला की एक क्रेडिट, आणि ते परदेशातली कंपनी विकत घेते. शेजारची तुळजाबाई म्हणाली, "म्हंजी आमी न केलेला धूर इकायचा? आन् घेनारा शाना हाय का?" सगळ्या हसल्या. मीही. पण चाळीस जणींनी चुलीसाठी नावं दिली!

१५ जानेवारी
आजचा शब्द — बेसलाइन. नवी चूल दिलीच नसती तर किती लाकूड जळलं असतं, तो आकडा. त्यासाठी दहा घरं वर्षभर जुन्याच चुलीवर ठेवायची, रोज लाकूड तोलायचं. नऊ घरं झाली, दहावं मिळेना. मी आमचंच लिहून टाकलं. घरच्या घरी तोलायला सोपं! पुण्याहून आलेले आमच्या चूल-प्रकल्पाचे प्रमुख कौस्तुभ सर म्हणाले, "व्हेरी गुड, धम्मदीपा." काय फुगले मी!

आई म्हणाली, "वरीसभराचंच हाय न्हवं? तुझं काम हुतंय तर हू दे."

४ मार्च
आजचं लाकूड सहा किलो दोनशे. आई खोकतेय.

२० जून
लाकडं ओली. धुरात आई दिसत नाही, नुसता खोकला ऐकू येतो. पौडच्या ऑफिसात सरांना म्हटलं, आमच्याकडेही नवी चूल बसवू या. म्हणाले, "एक घर गळलं तरी बेसलाइन हलते. डिसेंबरपर्यंत काढा की." मी "बरं" म्हटलं. नोकरी पक्की व्हायची आहे म्हणून म्हटलं. दुसरं काही कारण नाही.

७ ऑगस्ट
तुळजाबाई आली होती. "गोजराबाय, माझ्या चुलीवर थाप की भाकरी. कशापायी धुरात मरतीस?" आई म्हणते कशी — "न्हाई बया. लाकूड कमी भरंल, धम्मीचा आकडा चुकंल." मला हसूच आलं. किती शहाणी माझी आई!

९ नोव्हेंबर
आईला चार पावलं चालवेना. पौडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "विडी ओढता का?" आई एवढी भडकली! मी खाली बघत बसले. फुप्फुसं निकामी होत आलीत म्हणाले.

घरी आल्या आल्या जुनी चूल विझवली. कोणाला विचारलं नाही. बेसलाइन गेली खड्ड्यात! उद्याच नवी आणते.

३० नोव्हेंबर
नव्या चुलीवरचा चहा आई आज घोटभरच प्याली. "धूरच न्हाई गं," म्हणाली. मग काळजीने, "तुझा आकडा ऱ्हायला ना पर?"

२ डिसेंबर
आई गेली.

२१ डिसेंबर
न घडलेल्याचा आकडा काढायला शिकले, आता दिवसभर तेच करते. जानेवारीत घराचं नाव दिलं नसतं तर. जूनमध्ये भांडले असते तर. ऑगस्टमध्ये हसले नसते तर. तुळजाबाई जेवण आणून ठेवते, ते तसंच राहतं.

११ फेब्रुवारी २००९
ऑफिसात फाइली लावताना क्रेडिट घेणाऱ्या कंपनीचं एक पत्र सापडलं. बेसलाइनसाठी घरोघरची मापं लागणार नाहीत, ठरवून दिलेला सरासरी आकडा चालेल. जुन्या चुलीवरच्या दहाही घरांना लगेच नवी चूल द्यावी. 'वाचले' म्हणून खाली कौस्तुभ सरांची सही. तारीख २ जून. मी चूल मागायला गेले, त्याच्या अठरा दिवस आधीची.