माझे जुने शहाणे विचार

२ मार्च
मेहुणीने फोनमध्ये नवं अ‍ॅप घालून दिलं. आपण कधीकाळी टिपून ठेवलेले विचार ते रोज सकाळी एकेक करून वर काढतं म्हणे. "भावोजी, तुमच्या डोक्यात इतकं काय काय येतं, सगळं वाया जातं." हे कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. फोनवरच्या जुन्या खात्यातल्या झाडून सगळ्या टिपा तिने त्यात ओढून घेतल्या.

३ मार्च
पहिला विचार आला — "बादली."
बस, एवढाच. खाली बारीक अक्षरांत: या विचाराकडे आज नव्याने पाहा. लिफ्टच्या तपासण्या करता करता दिवसभर नव्याने पाहिलं. काही दिसलं नाही.

६ मार्च
"राखाडीच बरा." काय राखाडी? पडदा? शर्ट? आकाश?

९ मार्च
आज मात्र स्वतःलाच मानलं. "समोरचा बोलून थांबला की लगेच तोंड उघडू नये. खरं ते तो त्यानंतर बोलतो." वा! हे मी लिहिलंय!
दुपारी एका इमारतीत तपासणीला गेलो. तिथला व्यवस्थापक म्हणाला, लिफ्टची काही तक्रार नाही. मी गप्प उभा राहिलो. जरा वेळाने आपणहून म्हणाला, "तशी परवा दार उघडं असतानाच हलली होती." लिफ्ट ताबडतोब बंद करायला लावली. साहेबांनी पाठ थोपटली.
संध्याकाळी बायकोला वाक्य वाचून दाखवलं. "छान आहे," म्हणाली. पुढे आणखी काही बोलणार होती बहुतेक, पण तोवर मी लिफ्टचा किस्सा सुरू केला होता.

१३ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नऊ वर्षांपूर्वी आम्ही जे शहर सोडून इथे आलो, तिथली शाखा सांभाळायला माणूस हवाय. "तुम्ही जाणार असाल तर दुसऱ्या कुणाला विचारत नाही. सोमवारपर्यंत सांगा."
बायकोला अजून बोललो नाही. आधी माझं मला कळू दे.

१५ मार्च
अ‍ॅपला कळतं कसं? सकाळी उघडलं तर समोर — "मला इथून जायचं नाही. जीव रमलाय इथे. पण सांगणार कुणाला? ठरलंय सगळं."
अंगावर काटा आला. कधी लिहिलं आठवत नाही, पण अक्षर न् अक्षर खरं. इथली गॅलरी, ओळखीचा न्हावी, ऑफिसची खिडकीजवळची खुर्ची — हे सगळं टाकून जायचं? बायकोही इथे मजेत आहे. शाळेत पोरांना खेळ शिकवते.

१६ मार्च
नकार कळवला. साहेबांनी कारण विचारलं. म्हणालो, आतला आवाज. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
बायकोला सांगितलं नाही. जायचंच नाही, तर तिच्या जिवाला उगाच घोर कशाला?

१९ मार्च
"आजही सगळ्यांसमोर मी हसत हो म्हणाले."
म्हणाले? 'म्हणालो' हवं. टाइप करताना चूक झाली असणार.

२० मार्च
"सामान बांधून झालं. तलावावर जाऊन आले. शेवटची उडी मारली. पाण्यातच रडले, म्हणजे कुणाला दिसलं नाही."
मला पोहता येत नाही.
तेव्हा कुठे पहिल्यांदा टिपेखालची तारीख पाहिली. आम्ही ते शहर सोडलं तो आठवडा. 'जायचं नाही' वाली टीपही त्याच आठवड्यातली. नवीन लग्न झालं होतं तेव्हा दोघांचे फोन एकाच खात्याला जोडले होते, ते आजतागायत तसेच. ती तिथल्या तलावावर पोहायला शिकवायची. इथल्या शाळेला तलावच नाही.
म्हणजे 'इथून' म्हणजे तिथून. आणि मी नाही म्हणालो ते नेमकं तिथे परत जायला.
सगळ्या टिपा चाळल्या. शहाण्या तेवढ्या तिच्या. बादली माझी.

२१ मार्च
नाश्त्याच्या वेळी सगळं सांगून टाकलं. ती पावाला लोणी लावत होती.
"कुठली बदली?"
पुन्हा सांगितलं. शहराचं नाव ऐकून तिने सुरी खाली ठेवली. काही बोलेना. मीही तोंड मिटून बसलो.
"म्हणजे मी नऊ वर्षांपूर्वी नको लिहून ठेवलं होतं, म्हणून तू आत्ता नाही म्हणालास," ती शेवटी म्हणाली. "आणि मी इथेच होते रे. याच खुर्चीत. विचारायचंस ना."
मग हसायला लागली. हसतच राहिली. आपणही हसावं की काय, ते मला ठरवता येईना.

२३ मार्च
साहेबांकडे गेलो. म्हणाले, उशीर झाला, घड्याळ्याची ऑर्डर निघालीसुद्धा. घड्याळ्या म्हणजे आमच्यातला पाचाच्या ठोक्याला खुर्ची सोडणारा. तो आपल्या बायकोला विचारून आला होता म्हणे.

२९ मार्च
बायकोने परस्पर तिथल्या तलावावर फोन केला होता. तिच्या जुन्या जागेवर बोलावलंय, पुढच्या महिन्यापासून. जाते म्हणाली.
"आणि मी?"
"शनिवार-रविवार येत जा," म्हणाली. "पोहायला शिकवीन."