दुसरी गोळी

१४ जून १९९९
वरकुट्यात पोचलो एकदाचा! इंदापूरहून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण खोली झकास आहे. मागं ऊस, पुढं कडुनिंब. घरमालकीण कुशाबाई, मुलगा महिपती जीप चालवतो. मावशींनी चहा दिला आणि लगेच उलटतपासणी घेतली. कपाळावर दोन डाग कसले, धम्मदीप गुरुजी? सांगावंच लागलं. माझ्या मेंदूच्या देठात रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. तिथं सुरी चालत नाही, म्हणून गेल्या वर्षी मुंबईला डोक्यावर लोखंडी चौकट स्क्रूनं आवळून नुसते किरण सोडले. टाका नाही, जखम नाही. गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर सूज येऊ नये म्हणून रोज एक गोळी. चेहरा बधिर झाला किंवा एकाचे दोन दिसले तर धावत या, असं डॉक्टरांनी बजावलंय. मावशी म्हणाल्या, म्हंजी डागच दिलाय की! त्यांच्याकडं डाग दिलेल्या माणसाला मीठ देत नाहीत म्हणे. मला हसूच आलं. माझ्या भाजीत मीठ हवंच, असं सांगून टाकलं. शाळेत मात्र यातलं काही कळायला नको. आजारी मास्तर कुणाला हवा असतो?

२ जुलै
भाजी अळणी. मावशी म्हणतात, घातलंय की वं गुरुजी, तुमच्या म्होरंच घातलं. मी काही बघितलं नाही. म्हणजे गोड बोलून माझं पथ्य चाललंय तर! असं कुणी फसवलं की माझं टाळकं फिरतं.

८ जुलै
अळणीच. आता अर्धी जीभ बधिर, ओठाच्या कडेनं चहा गळतो. वर्गात पोरं हसली. मिठाऐवजी बाई दुसरंच काहीतरी घालते. डॉक्टरांचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण किरण घेऊन वर्ष झालं, आणि हे सुरू झालं इथलं जेवायला लागल्यावर. आजपासून बिस्किटं.

१२ जुलै
उचकी लागलीय, थांबतच नाही. मावशी दारातून म्हणाल्या, आई आठवण काढत आसंल. माझी आई वारली आहे. हे मी त्यांना सांगितलं होतं. तरी म्हणाल्या.

१५ जुलै
कुशाबाई दोन आहेत. एक अंगण झाडते. दुसरी तिच्या जरा वर, तिरकी, पाय जमिनीला टेकत नाहीत. दोघी एकदमच माझ्याकडं वळल्या. एक डोळा झाकला की वरची लपते. हुशार आहे. डॉक्टर म्हणाले होते ते दिसण्याबद्दल. ही दिसत नाही, ही आहे. जीपनं पुण्याच्या दवाखान्यात जाऊ म्हणतात. दोघींच्या मध्ये बसू मी?

१६ जुलै
डबीतून एक गोळी काढली. एकच. तळहातावर दोन. मी शाळेत गेलो की डबी फळीवरच असते — त्यातली एक तिची. पण कुठली? दोन्ही उसात फेकल्या. डबीसुद्धा. फार भीती वाटते.

१८ जुलै
कडी लावलीय. बाहेर दोघी रडतायत. दार उघडा गुरुजी, पाया पडते तुमच्या. महिपती दार ढकलतोय — दोन जिपा — नाही उघडणार

उचकी थांबली. बरं वाटतंय. श्वास तेवढा आठवणीनं घ्यावा लागतो. विसरलो की छाती तशीच — घेतला. परत — घेतला. लिहिताना विसर