पडद्याअलीकडची हवा

३ फेब्रुवारी
झालो एकदाचा नव्या नोकरीवर रुजू! प्रयोगशाळेला लागूनच दोन खोल्या मिळाल्यात. ही आणि छकुली रविवारी येतील. काम मजेचं आहे. नळकांड्यात केसाहून पातळ प्लॅस्टिकचे पडदे गुंडाळलेले असतात. दाबाने हवा सोडली की प्राणवायू त्यांत चटकन मुरून पलीकडे जातो, नायट्रोजन अलीकडेच रेंगाळतो. प्राणवायू मोजून टाकीत भरायचा, उरलेली हवा नळीने बाहेर सोडायची. निवृत्त होणारे तंत्रज्ञ काका म्हणाले, पडदे नवऱ्यांसारखेच, जुने झाले की आखडतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा नियम एकच: काही वेगळं दिसलं की आधी वहीत लिहा, मग बाकीचं.

९ फेब्रुवारी
मंडळी आली, घर भरलं. मॅडमना पंधरा दिवसांचं अखंड मोजमाप हवंय, म्हणून रात्रीही लक्ष राहावं असं एक नळकांडं घराच्या पुढच्या खोलीतच मांडलं. हिने नाक मुरडलं. उरलेल्या हवेची नळी खिडकीबाहेर काढून दिली, तेव्हा कुठे गप्प बसली.

१३ फेब्रुवारी
धुळीने एक पडदा वाया गेला. वैताग! खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या आणि नळी आत घेतली. हवेतलाच नायट्रोजन, हवेतच जाणार. भिंतीवरचा प्राणवायूचा गजर सारखा वाजून छकुलीला उठवत होता. त्याचा सेल काढला. काकाही काढायचे म्हणे.

१६ फेब्रुवारी
पडदे आखडले, प्रवाह उतरला. दाब दुप्पट केला. मॅडम खूश. हिचं डोकं दुखतंय. छकुली मात्र हल्ली किती शहाण्यासारखी झोपते.

१८ फेब्रुवारी, सकाळ
दूध तापवायचं होतं. काडी पेटेना. पेटी सादळली असणार.

दुपार
नवी पेटी आणली. बाहेर पायरीवर काडी पेटली. आत आणली — विझली. दुसरीही. तिसरीही. वेगळं दिसलं, म्हणून आधी लिहायला बसलो. हसू येतंय. का येतंय?

गजराचा सेल मी काढला. नळी मी — पट्ट्या मी —
भीती वाटतेय. ही आतल्या खोलीत छकुलीला घेऊन पडलीय. हाक मारली. ओ नाही.

उठलो. पट्टी ओढली, खिडकी उघडली. गार वारा आला. छकुली रडली. जिवात जीव आला.

नाही —
टेबलाशीच आहे. पेन हातात. वारा नाही. रडणं नाही. उठतो. आता उठतो. आधी उजवा पाय, मग