जबाब दिला, माय

माय, तुझ्याशी बोलून बरीच वर्षं झाली. आज दुपारी घरात कोणी नाही. हे वरठीला कारखान्यात ड्युटीवर गेलेत, पोरगी कॉलेजात. दार आतून लावलं, कडी नीट बसली का ते उठून पुन्हा एकदा पाहून आले, आणि मग लिहायला बसले. भरदिवसा कडी लावून बसायची सवय तुझ्या लेकीला कधीच नव्हती, हे तुला ठाऊक आहे.

मला आठवतोय, तुम्ही गावातल्या बायका हातभट्टीवर चालून गेलात तो दिवस. मी शाळेतून आले तर चूल थंड. शेजारची काकू म्हणाली, "तुही माय ठान्यात हाय. भट्टीचे मडके फोडले ना त्यायनं." मी सकाळचा भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण डब्यात घातलं आणि बस धरली. ठाण्यात जाऊन पाहते तर भट्टीवाला खुर्चीवर पाय हलवत बसलेला, आणि तुम्ही साऱ्याजणी खाली फरशीवर. एक जमादार तुला म्हणत होता, "बाई, हे नेतेगिरी सोड. पोरीचं लगन करा लागते तुले." तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "लगनाचं मी पाहून घेईन साहेब. तुमी भट्टीचं पाहा." साऱ्या बायका हसल्या. मी मात्र रडायच्या बेतात होते. डबा तू उघडलास, पण पाण्याला हात लावला नाहीस. परत येताना मी विचारलं तेव्हा तू खालच्या आवाजात सांगितलंस की दिवसभर कोणीच पाणी प्यायलं नव्हतं. पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, आणि त्या ठाण्यात ते जाऊन सांगावं अशी एकही बाई नव्हती.

पुढे गावातल्या परवान्याच्या दारू दुकानावरही मतदान झालं. दारूबंदीच्या आडव्या बाटलीवर शिक्के पडले आणि दुकान बंद झालं. तू जिंकलीस. पण माझ्या डोक्यात ते न प्यायलेलं पाणीच राहिलं. पोलीस भरतीचा अर्ज मी त्यासाठीच भरला. तू वडे तळत होतीस. हातातला झारा तसाच धरून माझ्याकडे वळलीस. "पोलिसात? काहून? दुसरी नौकरी नाई भेटत तुले?"

मी म्हटलं, "एक तरी बाई असावी ना माय तिथं."

"असावी. अन् उद्या आमी मोर्चा घेऊन आलो, अन् तुह्या साहेबानं हाना म्हटलं, तं?"

वडे काळे पडले, तरी तू ते काढले नाहीस. दोन दिवसांनी तू अड्याळच्या बाजारातून माझ्यासाठी पळायचे बूट घेऊन आलीस. एक नंबर मोठे होते. पुढे कापूस कोंबून मी त्यांच्यावरच सराव केला. माझी पहिली नेमणूक झाली आणि त्याच पावसाळ्यात तू तापाने गेलीस.

तू पाहिलं होतंस तसं ठाणं आता राहिलं नाही. महिला कक्ष आहे, बायांसाठी वेगळं शौचालय आहे, कोपऱ्यात कॅमेरा आहे. अटक कशी करावी, कोणाला कळवावं, कधी दवाखान्यात न्यावं, ते मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेलं आहे. हे कोणी आपणहून दिलेलं नाही. कुठेतरी कोणीतरी फरशीवर बसलं, कोणीतरी मार खाल्ला, कोणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा त्यातली एकेक ओळ भिंतीवर आली. मी आता हवालदार आहे. नव्या पोरींना मी तो बोर्ड वाचून दाखवते. त्या वाचतात आणि माझ्याकडे पाहतात. त्यांनाही कळतं, बोर्ड कुठे संपतो ते.

या उन्हाळ्यात एका गावातला पोट्टा उचलून आणला. गावाचं नाव लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. त्यांची वस्ती गावाबाहेर, तलावाच्या पाळीला, बांधालगत. पिढ्यान्‌पिढ्या त्या तलावातल्या मासोळ्यांवर जगणारी माणसं. तलावातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला. या पोट्ट्याने ग्रामसभेत उभं राहून विचारलं, आमचा तलाव आम्हाला न विचारता कसा दिला? चार दिवसांत त्याच्यावर मासोळ्या चोरल्याची तक्रार आली. त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथे कॅमेरा नाही. मी पुढच्या टेबलावर होते. आवाज येत होते, माय. बाहेर पायरीवर त्याची आई येऊन बसली होती. मी तिला पाण्याचा ग्लास नेऊन दिला. तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायली नाही.

मी उठले आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. कसं ते मला आता सांगता येत नाही. पोट्टा भिंतीशी आडवा होता, त्याचे तळपाय सुजले होते. ठाणेदार साहेब म्हणाले, "काय पाहिजे तुले?"

"साहेब, याले दवाखान्यात न्या लागते. याची माय बाहेर बसून हाय. वस्तीतले लोकं येऊन राहिले."

लोक येत आहेत हे मी खोटंच बोलले. पण त्यानेच साहेब थांबले. "ने मंग. पडला म्हनून सांगजो."

मी त्याला स्वतः गाडीत बसवलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे कशानं झालं?" त्या लिहायला थांबल्या होत्या. पोट्टा माझ्याकडे पाहत होता. माझ्या अंगावर वर्दी, तो कशाला बोलेल? मी म्हटलं, "मारलं आहे मॅडम. ठाण्यात." त्यांनी एकदा मान वर केली आणि लिहिलं. पोट्टा वाचला. आता काठी घेऊन चालतो.

वस्तीतल्या लोकांनी भंडाऱ्याला मोर्चा काढला, म्हणून चौकशी लागली. त्या मोर्चाच्या बंदोबस्तात मीही होते. डोक्यावर हेल्मेट, हातांत लाठी आणि ढाल, समोर त्या बायका. पोट्ट्याची आई अगदी माझ्यासमोर आली. तिने मला ओळखलं नाही. दोन्ही हातांनी माझी ढाल मागे लोटली आणि ओरडली, "मारा ना आता! मलेही मारा!" झारा हातात धरून माझ्याकडे वळलेली तू मला दिसलीस. हुकूम आला नाही. बायका निवेदन देऊन परत गेल्या. पण संध्याकाळपर्यंत माझ्या हाताची मूठ सुटत नव्हती.

गेल्या आठवड्यात माझा जबाब झाला. वरिष्ठांनी विचारलं, "तुम्ही स्वतः काय पाहिलं?" मी पाहिलं ते सांगितलं, ऐकलं ते सांगितलं, कोण खोलीत होतं ते सांगितलं. सही केली. बाहेर आले तर सोबतच्या लोकांनी चहाचे कप हातात घेऊन पाठ फिरवली. साहेबांची बदली झाली आहे, निलंबन नाही. मला मुख्यालयात जोडलं आहे, काम काहीच नाही. एक जुना सहकारी गोडीत सांगून गेला, "ताई, पोरगी एकटी कॉलेजात जाते ना? सांभाळून." तो धमकी देत होता की खरंच काळजी करत होता, हे मी तेव्हापासून उलटंपालटं करून पाहते आहे. यांना मी अजून सांगितलेलं नाही. पोरीला रोज सांगते, पोचल्यावर फोन कर, निघताना कर. ती चिडते.

काल संध्याकाळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. दोघे होते, तोंडाला दुपट्टे बांधलेले. पोरगी मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी खिडकीच्या आड उभी राहिले. फोन हातात होता. आधी गावाकडच्या भावाचा नंबर काढला, मग शेजाऱ्यांचा, मग कारखान्यातला यांचा. थोड्या वेळाने ते दोघे शेजारणीला पत्ता विचारून समोरच्या गल्लीत निघून गेले. कोणाकडे तरी लग्नपत्रिका द्यायला आले होते.

मी खाली बसले तेव्हा लक्षात आलं. इतकी वर्षं गावोगावच्या सभेत मी बायांना सांगत आले, घाबरू नका, काही झालं तर आम्हाला फोन करा. काल मात्र माझ्या बोटांनी ठाण्याचा तो नंबर काढलाच नाही. मला तो आठवला होता, माय. मी त्यालाच घाबरले.