बिनकाचेची खिडकी

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. थोर संशोधकांच्या पश्चात अशा वह्या सापडतात. माझ्या पश्चात काही सापडायचं तर आधी लिहायला हवं.

मुहूर्तही चांगला आहे. पेन्शन आणि साहाय्य कार्यालयाच्या चारही खिडक्यांच्या काचा आज काढल्या. सिद्धांत माझा. माणूस खिडकीवर चिडतो तो कामाला उशीर होतो म्हणून नाही, मध्ये काच असते म्हणून. काच गेली की संवाद, संवाद आला की विश्वास, विश्वास आला की सुशासन. आयुक्तांना तिसऱ्या स्लाइडलाच पटलं. त्यांना मीटिंग होती.

हेच कार्यालय निवडलं, कारण दोन नंबरच्या खिडकीवर माझा मेहुणा बसतो. घरचा माणूस, आतली माहिती मिळेल. भावजी, काच राहू द्या, म्हणाला. सरकारी नोकरांना बदल नकोच असतो.

३ मार्च, संध्याकाळ
पहिला दिवस उत्तम. एका गृहस्थांनी मेहुण्याच्या मुस्काटात भडकावली. काल मारली असती तर काचेवर बसली असती, आज थेट पोचली. अडथळा दूर झाल्याचा याहून ठोस पुरावा कोणता? चष्मा फुटला. माझ्या तक्त्यात या घटनेला रकाना नव्हता. 'थेट प्रतिसाद' असा नवा केला.

७ मार्च
ऐतिहासिक निष्कर्ष! लेखी तक्रारी शून्यावर आल्या. पूर्वी तक्रारपेटी ओसंडून वाहायची. आता लोक जे काय सांगायचं ते जागच्या जागी हाताने सांगतात, लिहीत बसत नाहीत. आलेख इतका सुंदर उतरला आहे की रंगीत प्रिंट काढून भिंतीवर लावला.

दुपारी तीच तक्रारपेटी कोणीतरी उपटून तीन नंबरच्या क्लार्कच्या डोक्यात घातली. टाके पडले. पेटी रिकामी होती म्हणून टाक्यांवर निभावलं. भरलेली असती तर? हा मुद्दा अहवालात घ्यायचा.

११ मार्च
सौ. बोलत नाहीये. म्हणजे तासभर बोलली आणि मग बंद झाली. तिच्या भावाचा ओठ फाटलाय. एक फोन करा आणि काचा परत बसवा, तुमच्या शब्दावर आयुक्त ऐकतात, म्हणाली. ऐकतात, ते खरंच आहे. पण आठ आठवड्यांचा प्रयोग मध्येच थांबवला तर निष्कर्षांना काडीची किंमत राहत नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं. त्यावर, माझा भाऊ मध्येच संपला तर चालेल का, असं तिने विचारलं. आपला तो बाब्या. बाकीच्या तीन क्लार्कबद्दल अवाक्षर नाही.

बोलताना कप हातातून निसटला. भिंतीपर्यंत गेला.

संकल्प : रोज सकाळी पंधरा मिनिटं दीर्घ श्वसन.

१२ मार्च
श्वसन राहिलं. पाठ धरली आहे.

१८ मार्च
कर्मचाऱ्यांसाठी 'हसतमुख सेवा' हे शिबिर घेतलं. मीच शिकवलं. ओठांचे कोपरे वर, मान किंचित कललेली, आवाज मऊ. मेहुण्याला ओठामुळे जमेना, त्याला सवलत दिली.

दुपारनंतर प्रात्यक्षिक. चार नंबरच्या क्लार्कने शिकवल्याबरहुकूम हसून एका कुबडीवाल्या माणसाला सांगितलं की तुमचं अपंगत्व सिद्ध होत नाही, पुढच्या महिन्यात या. त्या माणसाने कुबडी टाकली, क्लार्कची कॉलर धरली आणि त्याला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर ओढला. पाय आत, धड बाहेर. वरून रांगेतल्या लोकांनी पाठीत गुद्दे घातले. यालाच आम्ही लोकाभिमुख प्रशासन म्हणतो. फोटो काढायला हवा होता.

मेहुणा मधे पडला म्हणून त्यालाही दोन बसले. मधे कशाला पडायचं? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं मी त्याला म्हटलं. त्याने ओठ टिपला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं. अतिशय सोशिक मुलगा.

२४ मार्च
आमच्या संशोधन संस्थेचे डायरेक्टर खूश. माझा शोधनिबंध परदेशातल्या परिषदेत घेतला आहे. आयुक्त म्हणतात, प्रयोग संपला की सगळ्याच कार्यालयांच्या काचा काढू.

एक किरकोळ गोष्ट. मेहुण्याने बदलीचा अर्ज केला होता. आयुक्तांनी माझं मत मागितलं. मी नको म्हटलं. प्रयोगाच्या मध्यात अनुभवी माणूस हलवणं शास्त्राला धरून नाही. घरी बोललो नाही. उगाच गैरसमज होतात.

दीर्घ श्वसन : आज तीन मिनिटं. मग वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू झालं. वर जाऊन त्यांच्या दाराला लाथ घातली. हलकीच.

३० मार्च
आज मोठा दिवस.

सकाळपासून संगणक यंत्रणा बंद होती. लोक ऊन वाढेपर्यंत थांबले. मग कार्यालयाच्या साहेबांनी आतूनच ओरडून सांगितलं की आज काही होणार नाही, घरी जा. पहिली खुर्ची त्यानंतर उडाली. ती मॉनिटरमध्ये घुसली. मग टेबलं. सुरक्षारक्षकाने शिट्टी वाजवली. त्याची शिट्टी हिसकावून त्याच्याच तोंडात कोंबली. काही माणसं काउंटरवर चढून आत उतरली. काच नसल्यामुळे त्यांना अजिबात त्रास झाला नाही. रांगेचा लोखंडी खांब एकाने उपसला आणि तो फिरवत दोन नंबरकडे निघाला.

मी रेकॉर्ड रूममध्ये होतो. निरीक्षकाने घटनेत हस्तक्षेप करायचा नसतो. म्हणून आतून कडी लावली.

बाहेरून कोणीतरी भावजी, भावजी अशा दोन हाका मारल्या. आवाज ओळखीचा वाटला, पण खात्री नव्हती. गर्दीत इतरांचेही भावजी असू शकतात.

मेहुण्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. डाव्या कानातून रक्त येत होतं. बाहेर आलो तेव्हा फरशीवर रक्त, काचा (मॉनिटरच्या), एक चप्पल आणि त्या चपलेजवळ मेहुणा. मला घाबरायला झालं. उन्हाचा परिणाम असणार.

लेखी तक्रारी : आजही शून्य.

१ एप्रिल
हॉस्पिटल. त्या कानाने आता ऐकू येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. दुसरं मत घ्यायला हवं.

सौ. म्हणाली की शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं हे विचारलं, की भावजींना काही लागलं नाही ना. मी बाहेर जाऊन नाक शिंकरून आलो. तिथला एसी फार गार आहे.

मग तिने बदलीच्या अर्जाचं काढलं. तीन नंबरच्या क्लार्कने, डोक्याला पट्टी असूनही, सगळं तिच्या कानावर घातलेलं. ती ओरडली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच म्हणाली. मग म्हणाली की एकतर काचा बसवा, नाहीतर त्याच्या खुर्चीत एक दिवस स्वतः बसून दाखवा. दोन्हीतलं काही झालं नाही तर मी भावाकडे राहायला जाते, आणि परत येण्यासाठी जात नाही. अठ्ठावीस वर्षांत तिने असं कधी म्हटलं नव्हतं.

बसतो की! एका दिवसात सिद्ध करून देतो. चूक पद्धतीत नव्हतीच, अंमलबजावणीत होती. आयुक्तांची परवानगी फोनवर मिळाली. त्यांनी तर शुभेच्छा दिल्या.

५ एप्रिल, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. पाण्याची बाटली. श्वसन पूर्ण पंधरा मिनिटं! आज माझ्या खिडकीवर नागरिकाचा सन्मान कसा होतो ते सगळे बघतील. सौ. हॉस्पिटलमध्येच आहे. तिला फोटो पाठवायला शिपायाला सांगून ठेवतो.

५ एप्रिल, दुपार
पहिल्या बाईंचं पूर्ण ऐकून घेतलं. काम तीन नंबरचं निघालं. दुसऱ्या गृहस्थांनी माझ्या दिवंगत वडिलांचा उल्लेख केला. हसलो. तिसऱ्याने पाण्याची बाटली तोंडावर फेकली. हसलो. चौथा काय म्हणाला ते कळलं नाही, मागचे सगळे एकदम बोलत होते. पंखा लोकांच्या बाजूला आहे. शर्ट ओला. जेवायला कोणी सोडत नाही. हे लोक एकच गोष्ट दहा वेळा का विचारतात?

५ एप्रिल, संध्याकाळ
काचा उद्याच बसवा असं आयुक्तांना फोनवर सांगितलं. कारण काय लिहू, त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला.

एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर गवंडीकाम केलेले. त्यांचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, रेघाच झिजल्या होत्या. अंगठा उमटला नाही म्हणून पेन्शन अडकलेली. मी त्यांना चार नंबरला पाठवलं. चार नंबरने परत माझ्याकडे. मी पुन्हा चारला. ते पुन्हा आले. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. काच नव्हती, म्हणून हात आत घालून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, साहेब, जरा नीट बघा ना.

मी त्यांच्या थोबाडीत मारली.

हात निसटला वगैरे काही नाही. मारली. जोरात. त्यांची कवळी माझ्यासमोरच्या कागदांवर पडली.

आता लोक मला तुडवणार म्हणून मी खुर्चीत अंग चोरलं. कोणी हललं नाही. महिनाभर खुर्च्या फेकणारी माणसं खाली फरशीकडे बघत उभी राहिली. प्रत्येकाचं काम दोन नंबरलाच होतं.

म्हाताऱ्यांनी कवळी उचलली, सदऱ्याला पुसली, तोंडात बसवली. गाल लाल झाला होता. मला माफी मागायची होती. तेवढ्यात तेच पुढे वाकले आणि हळू आवाजात विचारलं, साहेब, आता तरी काम होईल ना?

हो म्हणालो. ते काम कसं करतात, मला माहीत नाही.